बादलीत न गेलेले लेबल

आमच्या प्रेसमध्ये लेबल पास की नापास, हे एक निळी प्लास्टिकची बादली ठरवते. शाईच्या खोलीबाहेर, नळाच्या डाव्या हाताला तिची जागा आहे. आम्ही बाटल्यांची लेबले छापतो. सरबताच्या, खोकल्याच्या औषधाच्या, केसांच्या तेलाच्या आणि मद्याच्या बाटल्यांची. त्यात मद्याच्या लेबलाची परीक्षा सर्वांत कडक, कारण ती बाटली बर्फात ठेवली जाते आणि ओल्या हातांनी धरली जाते. म्हणून मद्याची कंपनी प्रत्येक नव्या कामाबरोबर दोन भरलेल्या बाटल्या पाठवत असे. छापलेले लेबल त्यांच्यावर चिकटवायचे, बाटल्या बर्फाच्या पाण्यात चोवीस तास बुडवून ठेवायच्या आणि मग ओल्या अंगठ्याने लेबल वीस वेळा घासायचे. रंग गेला नाही, कोपरा उचलला नाही, तर रजिस्टरमध्ये ‘पास’ लिहून मशीनवाल्याने सही करायची.

परीक्षा झाल्यावर त्या दोन बाटल्यांचे काय होई, हे कोणत्याच रजिस्टरमध्ये लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना ठाऊक होते. एक मशीनवाल्याच्या पिशवीत जाई, दुसरी कटिंगवाल्याच्या. याला आमच्याकडे ‘बादलीचा हक्क’ म्हणत. मी कचेरीत जॉबकार्डे आणि गाड्यांच्या वेळा सांभाळतो. एकतीस वर्षांत या हक्काबद्दल मला कोणी विचारले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही.

ज्यांची ही हकिगत आहे, ते आमचे मशीनवाले. सगळे त्यांना भिंगकाका म्हणतात. काळ्या दोरीला अडकवलेले एक छोटे भिंग त्यांच्या गळ्यात दिवसभर असते. मशीनमधून पहिला कागद बाहेर आला, की ते त्याच्यावर वाकतात आणि पुढची पाच मिनिटे त्यांच्याशी बोलण्याची कोणाची टाप नसते. अक्षराच्या कडेला केसाएवढी फट दिसली तरी मशीन थांबते. स्वतःच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी दोनदा नापास केली. शेवटी होणारा जावई म्हणाला, “बाबा, लग्न पुढे ढकललं तरी चालेल, पण पत्रिका एकदाची पास होऊ द्या.”

कटिंग मशीनवर त्यांच्या पत्नीचा धाकटा भाऊ आहे. भिंगकाकांनीच त्याला कामाला लावले आणि तेव्हापासून तो साऱ्या प्रेसचा मेहुणा झाला. मालकीणबाईसुद्धा “मेहुण्यांना सांगा” असेच म्हणतात. हा माणूस डोळे मिटूनही कागदाचा गठ्ठा काटकोनात लावील, आणि तोंड तर कधीच मिटत नाही.

भिंगकाका सगळे मोजून करत. रोज संध्याकाळी साडेसातला, शाई मोजायच्या मापासारख्याच एका कोऱ्या काचेच्या मापाने दारूची दोन मापे. तिसरे कधी नाही. “मी पिणारा नाही, घेणारा आहे,” असे ते म्हणत, आणि खरेच, त्यांचे पाऊल कधी वाकडे पडलेले कोणी पाहिले नाही. तंबाखू खाणाऱ्याला मात्र ते मशीनजवळ उभे करत नसत. “आधी थुंकून ये. कॅन्सर झाला की मला हाक मारू नकोस,” असे तोंडावर सांगत.

साडेतीन वर्षांपूर्वी त्यांचा आवाज बसला. मशीनच्या गोंगाटात ओरडून बसला असेल, असे सगळ्यांना वाटले. महिना गेला, दुसरा गेला. काकू म्हणाल्या, “बाहेरच्या खोलीतून मारलेली हाक मला ओट्यापाशी ऐकूच येत नाही. आधी वाटलं, बरंच झालं. पण मग गिळताना कानात कळ येते म्हणायला लागले, तेव्हा मी त्यांना ओढूनच नेलं.”

तपासण्या झाल्या. रिपोर्ट आला त्या दिवशी मेहुण्यांना मशीन सोडता येईना, म्हणून काका-काकूंबरोबर मी गेलो. खोली लहान होती. टेबलावर घशाचे प्लास्टिकचे मॉडेल ठेवलेले, त्याचा एक भाग निखळून पेनांच्या पेल्यात पडलेला. डॉक्टरीणबाई वयाने काकांच्या मुलीएवढ्या. घशाचा कॅन्सर आहे, पण पसरलेला नाही, हे त्यांनी घाई न करता सांगितले. मग कागद पुढे ओढून विचारू लागल्या.

“तंबाखू?”

“आयुष्यात नाही.”

“सिगारेट?”

“वाससुद्धा सहन होत नाही.”

“दारू?”

“पीत नाही.”

काकूंनी नुसते त्यांच्याकडे पाहिले. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, “रोज दोन.”

“अगं, ते काय पिणं आहे?” काका घोगऱ्या आवाजात म्हणाले.

“किती वर्षं?”

“सत्तावीस,” काकूंनी सांगितले. काकांना सत्तावीस हा आकडा बहुधा त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकू आला.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. “काका, तुम्हाला हा आजार नेमका कशाने झाला, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण दारूने कॅन्सर होऊ शकतो, यात आता शंका उरलेली नाही. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा, यकृताचा, मोठ्या आतड्याचा. बायकांमध्ये स्तनाचा. जितकी जास्त, तितका धोका जास्त. सोबत तंबाखू असेल तर तो कितीतरी पटींनी वाढतो. पण थोडी घेतली म्हणजे धोका अजिबात नाही, असंही नाही.”

“मी चांगल्या कंपनीची घेतो.”

“घशाला कंपनी कळत नाही. बिअर असो, वाईन असो, महाग असो की स्वस्त. आत गेल्यावर जे तयार होतं, तेच पेशींना इजा करतं.”

काकांनी गळ्यातले भिंग हातात घेतले. मग म्हणाले, “डॉक्टर, मी त्याच बाटल्यांची लेबलं छापतो. एकेक अक्षर या भिंगाखालून जातं. कुठेच असं लिहिलेलं नाही.”

“लिहायला हवं.”

“माझ्या हातात नुसती शाई आहे.”

जिना उतरताना त्यांनी कठडा धरला आणि एका पायरीवर थांबून मला म्हणाले, “कोटीच्या वर लेबलं छापली असतील रे मी. एकावरसुद्धा नाही.”

तेहतीस वेळा त्यांना किरणांच्या यंत्राखाली झोपावे लागले. घरी त्यांनी एक जॉबकार्ड नेले होते, त्यावर ते प्रत्येक वेळेची नोंद करत आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘ठीक’ लिहीत. शेवटच्या दोन आठवड्यांत त्या रकान्यात नुसती रेघ आहे. त्या दिवसांत पाण्याचा घोटसुद्धा डोळ्यांतून पाणी काढी. मेहुणे रोज काम संपवून त्यांना गाडीतून नेत, आणत, उचलून पायऱ्या चढवत, आणि सगळा वेळ काहीतरी बडबडत.

पाच महिन्यांनी काका कामावर परतले. आजार गेला होता. आवाज परत आला, पण कागद चुरगाळल्यासारखा. मशीनच्या आवाजात तो दोन हातांवरही पोहोचेना. तेव्हा कटिंग मशीनखाली पडणाऱ्या पांढऱ्या कात्रणांवर ते पेन्सिलीने लिहून देऊ लागले. आमच्या प्रेसमध्ये शिव्यासुद्धा लेखी मिळू लागल्या.

परतल्यावर पहिली बादली झाली तेव्हा त्यांनी आपली बाटली उचललीच नाही.

“मग मी काय ओतून देऊ?” मेहुणे म्हणाले. “आजवर दोघांनी ओझं वाहिलं. आता एकट्यावर आलं.” दोन्ही बाटल्या त्यांच्या पिशवीत गेल्या आणि पुढच्या प्रत्येक वेळी जाऊ लागल्या.

वर्षभराने भिंगकाकांच्या नजरेला एक गोष्ट आली. डबा खाऊन सर्वांत आधी हात धुणारे मेहुणे आता सर्वांत शेवटी उठत. प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट. ब्रेडचा कोरडा तुकडा तर ते बोटांनी बाजूला सरकवत. पट्ट्याला त्यांनी प्रेसच्या पंचानेच दोन नवी भोके पाडली होती.

काकांनी कात्रण सरकवले : ‘घास अडकतो?’

“नाही हो भावोजी, चावून खातोय. तब्येतीला चांगलं असतं म्हणे.”

दुसरे कात्रण : ‘तपासून घे.’

“घेतो, घेतो. गर्दी कमी होऊ द्या.”

रोज एक कात्रण येऊ लागले. मेहुणे ते वाचून एका जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकत. एकदा फाटकापाशी मला एकटे गाठून ते म्हणाले, “साहेब, त्यांना पाणी गिळताना मी बघितलंय. ते काय असतं ते मला चांगलं कळतं. कळतं म्हणूनच नको वाटतं.” दुसऱ्या क्षणी माझ्या छत्रीवरून काहीतरी थट्टा करून ते निघून गेले.

एके दिवशी डब्याच्या वेळी कात्रण वाचल्यावर मात्र त्यांचा तोल गेला.

“भावोजी, एक सांगा. उंदराच्या औषधावर कवटी असते. सिगारेटच्या पाकिटावर फोटो असतो. या बाटलीवर काय असतं? घोडा! सोनेरी घोडा! मागे बारीक ‘आरोग्यास हानिकारक’ असतं, पण कॅन्सर कुठे? तसं असतं तर लिहिलं नसतं का कोणी? आणि छापतो कोण? तुम्हीच ना?” मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, “चारचौघांत सांगतो. ज्या दिवशी बाटलीवर कॅन्सर छापून येईल, त्या दिवशी तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरपुढे जाऊन तोंड उघडतो. तोवर मला जेवू द्या.”

काकांनी एक लांबसे कात्रण घेतले. तारीख घातली, मेहुण्यांचे वाक्य शब्द न् शब्द लिहिले आणि सहीसाठी पुढे केले. मेहुण्यांनी हसत हसत सही ठोकली. साक्षीदार म्हणून खाली माझी सही घेतली गेली. कागदाची घडी काकांच्या खिशातल्या, भिंग ठेवायच्या डबीत गेली.

चार महिन्यांनी कंपनीचे पत्र आले. नवा नियम निघाला होता. मद्याच्या प्रत्येक बाटलीवर ‘मद्यपानामुळे कर्करोग होऊ शकतो’ ही ओळ ठरलेल्या मापात छापायची होती. घोडा समोरच राहणार होता. ही ओळ मागच्या लेबलावर, अगदी तळाशी, लाल अक्षरांत येणार होती. पत्र चांगले मोठ्या टायपात होते, तरी काकांनी ते माझ्या टेबलावर ठेवून भिंगातून वाचले. मग तसेच उचलून कटिंग मशीनवर मेहुण्यांसमोर ठेवले.

मेहुण्यांनी वाचले. “हे पत्रावर आलंय,” ते म्हणाले. “बाटलीवर कुठे आलंय?”

मंगळवारी लेबले छापली. बुधवारी बाटल्या बादलीत गेल्या. आजवर फक्त समोरचे लेबल बाटलीवर चिकटवून परीक्षा होत असे. मागे कोण बघतो? मागचे लेबल एकतीस वर्षांत एकदाही पाण्यात गेले नव्हते. या वेळी मेहुण्यांना दाखवायला म्हणून काकांनी दोन्ही बाजूंना लेबले लावली. गुरुवारी सकाळी त्यांनी घोडा वीस वेळा घासला, रजिस्टरमध्ये ‘पास’ लिहिले, सही केली. छापलेले कागद कटिंगकडे गेले आणि पाते चालू झाले. संध्याकाळी पाचला गाडी येणार होती.

डब्याच्या वेळी काकांनी ओली बाटली टेबलावर आणली, मेहुण्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि फिरवली.

“वाच,” ते आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाले.

मेहुण्यांनी वाचले. आमच्यापैकी कोणी जेवत नव्हते. हातातला घास ठेवून त्यांनी बाटली जवळ ओढली आणि सवयीने, कागद हाताळणारा माणूस करील तसे, त्या ओळीवर अंगठा फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. पाचव्या वेळी ‘कर्करोग’ शब्दाचा नुसता लाल डाग उरला.

“घ्या!” मेहुण्यांनी अंगठा वर केला. “गेला तुमचा कॅन्सर! भावोजी, छापून आला आणि पुसूनही गेला. मग आपलं ठरलेलंही पुसलं.”

दोघे-तिघे हसले. भिंगकाका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, लेबलाची तळाची पट्टी पाहिली आणि हळूच खाली बसले. चूक त्यांच्या ध्यानात आली होती. छपाईवर आम्ही पारदर्शक वॉर्निशचा हात देतो, त्यामुळे शाई पाण्यात टिकते. मागच्या लेबलाची तळाची पट्टी मात्र पूर्वीपासून वॉर्निशशिवाय कोरी सोडलेली असे, कारण तिथे नंतर बॅच नंबरचा शिक्का मारला जाई आणि वॉर्निशवर शिक्का धरत नाही. नव्या लेबलात बॅच नंबर वर गेला आणि इशारा खाली आला. वॉर्निश कुठे लागेल हे ठरवणारी प्लेट मात्र जुनीच लागली. ती लावली होती भिंगकाकांनी. पास केली होती भिंगकाकांनी.

जेवण तसेच टाकून ते मालकीणबाईंच्या खोलीत गेले. रजिस्टर घेऊन मीही मागोमाग गेलो.

मालकीणबाईंनी सगळे ऐकून घेतले. “काका, गाडी पाचला आहे. नियमात ‘छापा’ म्हटलंय. ‘टिकवा’ असं कुठे म्हटलंय? मागच्या लेबलाची तक्रार आजवर एकही आलेली नाही.”

काकांनी खिशातून पेन्सिल काढली, पण कात्रणावर काही लिहिले नाही. घसा साफ करून ते म्हणाले, “बाई, तो घोडा महिनाभर बर्फात राहिला तरी जात नाही. आणि जी ओळ वाचून एखादा माणूस वेळेत डॉक्टरकडे जाईल, ती पाच वेळा हात लागला की जाते. ही चूक माझी आहे. माझी सही मी मागे घेतो.” त्यांनी माझ्या हातातले रजिस्टर घेतले, आपल्याच सहीवर आडवी रेघ मारली आणि शेजारी ‘नापास’ लिहिले. एकतीस वर्षांच्या त्या रजिस्टरांत सहीवर मारलेली ही पहिलीच रेघ.

बाई रेघेकडे पाहत राहिल्या. “पण लेबलं एकदा कापली की त्यांच्यावर वॉर्निश चढत नाही. अख्खा कागद असेल तरच काही करता येईल. आणि मेहुण्यांनी आतापर्यंत सगळी कापूनही टाकली असतील.”

आम्ही तिघे खाली गेलो. कटिंग मशीन बंद होते. पात्याखाली गठ्ठा लावलेला, काटकोनात, नेहमीसारखा. मेहुणे स्टुलावर बसले होते आणि दोन्ही हात मांडीवर होते. त्या मशीनला दोन बटणे आहेत. दोन्ही हातांनी दोन्ही बटणे एकदम दाबली तरच पाते खाली येते.

“किती कापलीत?” बाईंनी विचारले.

“तिसरा हिस्सा. डब्याच्या आधीची. बाकी अख्खी आहेत.”

“कोणी सांगितलं थांबवायला?”

“कोणी नाही.”

“मग?”

मेहुण्यांनी उजवा अंगठा दाखवला. त्यावर लाल शाई तशीच होती. “एक बटण दाबलं. दुसऱ्यावर हात गेला आणि हे दिसलं.” मग ते म्हणाले, “पुसायला माझाच अंगठा सापडला का हो भावोजी?”

भिंगकाकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

बाई फोनकडे वळल्या. “कंपनीला सांगते, मशीन बिघडलंय.” काकांनी चटकन कात्रण पुढे केले : ‘खरे सांगा.’ बाईंनी खरे सांगितले. पलीकडचा माणूस आधी चिडला. मग त्याने विचारले की हे कळले कसे. घासून पाहिले म्हटल्यावर तो म्हणाला, “आमच्याकडेही मागचं लेबल कोणी घासत नाही. सोमवारी संध्याकाळी द्या.”

शुक्रवारी वॉर्निशची नवी प्लेट आली. उरलेल्या कागदांवर पुन्हा वॉर्निश चढवले, कापून वाया गेलेला हिस्सा नव्याने छापला. शनिवारी सकाळी बादली भरली. या वेळी घोडा भिंतीकडे आणि मागचे लेबल आमच्याकडे तोंड करून. काका म्हणाले, चोवीस तास नको, सोमवारपर्यंत राहू दे. रविवारी सुट्टी असूनही कोणीतरी येऊन बादलीत ताजा बर्फ घातला होता. पहारेकऱ्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “मेहुणे आले होते.”

सोमवारी दुपारी सगळे नळापाशी जमले. मेहुण्यांनी बाही सरसावली आणि अंगठा लावला. आम्ही मोजत होतो. वीस झाले. “पुढे!” कोणीतरी म्हणाले. चाळीस झाले. मग त्यांनी ओले फडके घेतले. मग नखाने खरवडले. साठाव्या वेळी ते थांबले. लाल ओळ जशीच्या तशी होती. त्यांनी ती मनातल्या मनात वाचली. ओठ हलताना दिसले.

भिंगकाकांनी डबी उघडून घडी काढली.

“राहू द्या,” मेहुणे म्हणाले. “सही माझीच आहे, माहितीय मला. केव्हा जायचं?”

‘उद्या?’ काकांनी लिहिले.

“आजच चला. उद्यापर्यंत मला दुसरं काहीतरी सुचेल.”

त्या दिवशी त्यांच्यासोबत भिंगकाका आणि काकू गेले. पुढच्या आठवड्यात दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस मेहुण्यांनी एकही थट्टा केली नाही. प्रेसमध्ये फारच शांत वाटत होते.

रिपोर्ट ऐकायला काकूंनी मलाही बोलावले. “तुम्ही साक्षीदार आहात,” म्हणाल्या. अन्ननलिकेच्या खालच्या भागाला जुनी सूज होती, त्यामुळे वाट अरुंद झाली होती आणि घास अडकत होता. एका जागी पेशी बदलू लागल्या होत्या. तो कॅन्सर नव्हता, पण त्याच वाटेवर होता. तेवढा भाग दुर्बिणीतूनच काढता येणार होता, अरुंद वाट रुंद करता येणार होती. पुढे ठरावीक काळाने तपासण्या कराव्या लागणार होत्या.

“आणखी दोन वर्षं घरी बसला असतात, तर कदाचित आपण वेगळंच काही बोलत असतो,” तिथले डॉक्टर म्हणाले. “घास अडकतोय, आवाज बसलाय, तोंडातली जखम भरत नाही, असं तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर वाट बघायची नसते. आणि दारू सोडायची. धोका एका दिवसात जात नाही, पण सोडल्यावर वर्षागणिक कमी होत जातो.”

“सोडायची म्हणजे... मापात आणायची?” मेहुण्यांनी विचारले.

“सोडायची म्हणजे सोडायची,” काकू म्हणाल्या. “साधी भाषा कळते ना तुला?”

“ताई, मी डॉक्टरांना विचारतोय.”

“ताईंनी बरोबर सांगितलं,” डॉक्टर म्हणाले. “मात्र एकदम बंद केल्यावर हात थरथरले, घाम फुटला, तर अंगावर काढू नका, लगेच या. त्यालाही औषध आहे.”

हात थरथरले, दोन दिवस. मेहुणे गेले, औषध घेऊन आले. याला आता चौदा महिने झाले.

बादली अजून तिथेच आहे. कंपनीकडून आम्ही रिकाम्या बाटल्या मागवतो आणि त्यांत नळाचे पाणी भरतो. रजिस्टरमध्ये मी स्वतः आखून एक रकाना वाढवला आहे, ‘मागचे लेबल’. त्यात सही मेहुण्यांची असते. तो त्यांनी मागून घेतलेला हक्क आहे. तीन ठिकाणच्या प्रेसमधून माणसे येऊन आमची पद्धत पाहून गेली. त्यांना ती समजावून सांगण्याचे काम मेहुण्यांकडे आहे. अंगठा दाखवून ते सुरुवात करतात आणि आपल्या अडकणाऱ्या घासाच्या गोष्टीपर्यंत आल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत. ऐकणाऱ्यांपैकी दोघे नंतर तपासून आले. एकाचे काहीच निघाले नाही, दुसऱ्याच्या जिभेच्या कडेची जखम वेळेत सापडली. त्याचे आभाराचे पत्र पत्र्याच्या डब्यात, भिंगकाकांच्या कात्रणांवर ठेवलेले आहे.

परवा डब्याच्या वेळी मेहुण्यांनी पाण्याची बाटली मुद्दाम टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. ब्रेडचा एक कोरडा, कडेचा तुकडा उचलला, सगळ्यांना दाखवला आणि तोंडात टाकला. चावला, गिळला. तोंड उघडून दाखवले. भिंगकाकांनी उठून, डोळ्याला भिंग लावून, गंभीर चेहऱ्याने आत पाहिले. मग कात्रण घेतले, पेन्सिल घेतली आणि एकच शब्द लिहून पुढे सरकवला : ‘पास.’

मेहुण्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि परत त्यांच्यापुढे ठेवले.

“भावोजी, सही कुठाय?”